ओलीसनाट्य लिहिताना घड्याळ कुणाच्या बाजूनं ठेवायचं?

नाशिकच्याच एका तरुण लेखकानं विचारलं आहे: पंचवटीतल्या एका पतसंस्थेत ठेव अडकलेला माणूस व्यवस्थापकाला आणि चार कर्मचाऱ्यांना डांबून ठेवतो आणि चेअरमनला समोर आणा म्हणतो, अशी कादंबरिका लिहितो आहे. पहिला खर्डा झाला आहे. त्यात एक पोलीस अधिकारी एकटाच, निःशस्त्र आत जातो. मागणीला अर्ध्या तासाची मुदत असते. त्या माणसाच्या मुलीला बोलावून लाऊडस्पीकरवरून विनवणी करायला लावतात. शेवटी पोलिसांचं शीघ्र प्रतिसाद पथक, म्हणजे क्यूआरटी, दार फोडते, आणि तोवर तरुण कॅशिअरचा जीव त्या माणसात गुंतलेला असतो. यातलं खरं वाटेल असं किती?

माझी नोकरी पोलीस खात्यात झाली आणि शेवटची बरीच वर्षं त्र्यंबक रस्त्यावरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत नव्या उपनिरीक्षकांना अशा प्रसंगातली बोलणी शिकवण्यात गेली. येणारी मुलं-मुली तुमच्या खर्ड्यासारखीच दृश्यं डोक्यात घेऊन यायची, कारण सगळ्यांनी पाहिलेलं तेच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट मनापासून आवडली ती सांगतो. नाशिकचा लेखक या विषयाला हात घालतो तेव्हा नाशिकरोडची नोट प्रेस त्याला खुणावते. तुम्ही पतसंस्था घेतलीत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. संस्थेनं गाशा गुंडाळला की निवृत्तीचे पैसे, मुलीच्या लग्नाचे पैसे, सगळं एका पासबुकात अडकून बसतं. असा माणूस मुरलेला गुन्हेगार नसतो. तो आधी वर्षभर हेलपाटे मारतो, अर्ज देतो, सहकार खात्याच्या पायऱ्या झिजवतो. तुमच्या माणसाच्या पिशवीत त्या सगळ्या अर्जांच्या झेरॉक्स असायला हव्यात, आणि त्या त्यानं कुणाला तरी वाचायला लावायला हव्यात. बंदुकीपेक्षा त्या कागदांतून तो जास्त कळेल.

आता मुख्य मुद्दा. खर्ड्यातलं घड्याळ उलट्या बाजूनं चालतं. कथा-सिनेमात वेळ सरतो तसा पोलिसांचा घाम वाढतो. प्रत्यक्षात सरणारा प्रत्येक तास बहुतेक वेळा पोलिसांच्या पदरात पडतो. सगळ्यात जोखमीचा असतो पहिला अर्धा-पाऊण तास. तेव्हा आतल्या माणसाचं रक्त उसळलेलं असतं, त्याचं त्यालाच कळत नसतं की आपण काय करून बसलो, आणि बाहेरचा एखादा उतावीळ शिपाई दारापाशी गेला तरी भडका उडू शकतो. नंतर त्याला भूक लागते, लघवीला लागते, हात दुखायला लागतो, झोप येते. उसनं अवसान गळतं आणि विचार सुरू होतो. बाहेर तोवर इमारतीचा नकाशा मिळतो, आत कोण कोण आहे, कुणाला मधुमेह आहे, मागची खिडकी कुठे उघडते, हे कळतं. म्हणून बोलणाऱ्या अधिकाऱ्याचं पहिलं काम वेळ मारून नेणं.

ही समज रक्त सांडून आलेली आहे. १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकमधल्या ओलीसनाट्यात इस्रायली पथकाचे अकरा जण मारले गेले, आणि विमानतळावरची घाईघाईची, अपुऱ्या तयारीची कारवाई जगानं पाहिली. त्यानंतर न्यूयॉर्क पोलिसांनी फ्रँक बोल्झ आणि हार्वी श्लॉसबर्ग या दोघांना घेऊन बोलण्यांचं स्वतंत्र पथक उभं केलं. श्लॉसबर्ग हा हवालदारकीपासून वर आलेला, मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेला गुन्हेतपास शाखेचा माणूस. घेरा, थांबा, बोला, ही पद्धत तिथून जगभर गेली, आमच्या वर्गातही आली.

१९८० सालचा लंडनमधल्या इराणी वकिलातीचा प्रसंग घ्या. सहा बंदूकधाऱ्यांनी सव्वीस जणांना ओलीस धरलं. ३० एप्रिल ते ५ मे, सहा दिवस. शेवटची कमांडो कारवाई सुमारे सतरा मिनिटांची. आपल्याला दिसतात ती सतरा मिनिटं, कारण ती टीव्हीवर आली. त्याआधीचे सहा दिवस बोलणी चालली, काही ओलीस सोडवले गेले, भिंतींत ध्वनिग्राहक बसवताना ड्रिलचा आवाज लपावा म्हणून विमानं नेहमीपेक्षा खालून उडवायला सांगितली. लेखकासाठी सोनं तिथे आहे. पंचवटीत हेच करायचं तर लग्नाची वरात आहे, महापालिकेचा रस्ता फोडणारा जेसीबी आहे, संध्याकाळी रामकुंडावरची आरती आहे. आतला माणूस त्या आवाजाकडे कान लावून बसतो आणि विचारतो, "आज तर तिथ नाही, मग वरात कुणाची?" तुमचं एक अख्खं प्रकरण यात निघेल.

मुदतीबद्दलही हेच. मुदत दिलेली असते, खोटं नाही. पण बाहेरचा माणूस ती तोंडातून काढत नाही. मुदतीच्या दहा मिनिटं आधी तो फोनवर असतो आणि विषय असतो जेवणाचा, किंवा व्यवस्थापकाच्या बीपीच्या गोळीचा. बोलता बोलता काटा पुढे सरकून जातो. नंतर "बघ, वेळ टळली, काही झालं नाही" असं कुणी म्हणायचं नाही, तसं म्हणणं म्हणजे त्याला डिवचणं. आतल्यालाही मुदत टळलेली हवी असते, फक्त आपण हरलो असं कुणी म्हणू नये एवढंच. तुमच्या अर्ध्या तासाच्या जागी अशा चार मुदती टळू द्या.

एकटा, निःशस्त्र आत जाणारा अधिकारी कृपया काढून टाका. तो शूर दिसतो, पण खरं पाहता तो आणखी एक ओलीस असतो. बोलणारा एकटाही नसतो. एक जण फोनवर, दुसरा त्याच्या खांद्याशी बसून ऐकणारा आणि चिठ्ठ्या सरकवणारा, तिसरा वेळेसकट प्रत्येक वाक्य टिपून घेणारा, चौथा नातेवाइकांकडून माहिती काढणारा. चिठ्ठीवर दोन-तीन शब्द असतात: 'हळू', 'मुलीचं नाव नको', 'रडतोय, थांब'. आणि बोलणाऱ्याला निर्णयाचा अधिकार मुद्दामच दिलेला नसतो. निर्णय वेगळ्या ठिकाणी बसलेले वरिष्ठ घेतात. "साहेबांना विचारावं लागेल, मी प्रयत्न करतो" हे वाक्य त्याला खरेपणानं म्हणता यावं म्हणून ही सोय. शिवाय आतला माणूस चिडला तर वरिष्ठांवर चिडतो, बोलणाऱ्याशी त्याचं नातं टिकतं. यातला ताण केवढा आहे पाहा. फोनवरचा माणूस विश्वास कमावतो आहे, आणि शेजारच्या इमारतीत दार फोडायची तयारी चालली आहे, हे त्याला माहीत आहे. कधी कधी आम्ही त्याला ते कळूच देत नाही, म्हणजे आवाजात यायला नको. माझ्या मते तुमच्या कादंबरिकेचा कणा हा अधिकारी आणि चिठ्ठ्या देणारा त्याचा सहकारी, या दोघांत आहे.

मुलीला लाऊडस्पीकरवर आणण्याचा प्रसंग वाचताना मला सिडकोतली एक रात्र आठवली. दोन खोल्यांचं घर, पहिला मजला. एका माणसानं बायकोला आणि लहान मुलाला आत कोंडलं होतं, हातात कोयता. मी जिन्याच्या कठड्यावर बसून खिडकीच्या ग्रिलमधून बोलत होतो. तो सारखा एकच म्हणायचा, "माझ्या थोरल्या भावाला बोलवा." भाऊ खाली आलेलाच होता. मोटरसायकलपाशी उभा राहून रडत होता, वर सोडा म्हणून हात जोडत होता. आजूबाजूचे सगळे आम्हाला बोल लावत होते की सोडत का नाही. नाही सोडलं. मी फक्त "मग?" आणि "पुढं काय झालं?" एवढंच विचारत राहिलो. मध्यरात्रीनंतर बाहेर आलं की घर भावाच्या धंद्यासाठी गहाण टाकलं होतं आणि जे काही करायचं ते त्याला भावाच्या डोळ्यांदेखत करायचं होतं. भाऊ वर गेला असता तर तो आला म्हणून कोयता खाली पडला नसता, चालला असता. नंतर मूल भुकेनं रडायला लागलं. दुधाची पिशवी वर दिली, त्या बदल्यात दाराची कडी काढायला लावली, साखळी तशीच. अर्ध्या तासानं आतून बायकोचा आवाज आला, "बास झालं आता, पोरगं झोपू दे." तिनंच साखळी काढली. कोयता त्यानं ओट्यावर ठेवला आणि बाहेर येऊन जिन्यावर बसला.

जवळच्या माणसाला समोर आणण्याबद्दल आमचं धोरण म्हणूनच सावध असतं. रागाचं मूळ बहुतेकदा त्याच माणसात असतं, किंवा त्याच्यापुढे आपली लाज गेली असं आतल्याला वाटतं. तुमच्या ठेवीदाराची मुलगी, जिच्या लग्नाचे पैसे बुडाले, तिचाच आवाज लाऊडस्पीकरवरून अख्ख्या गल्लीत? त्या क्षणी तो बाप काय करेल याची मला धास्ती वाटते. मुलीला कथेत जरूर ठेवा, पण बाहेर, चौथ्या अधिकाऱ्यासमोर. ती सांगेल की बाबा रोज रात्री पासबुक काढून बघायचे, आणि तेवढ्या माहितीवर फोनवरच्या संभाषणाचा रोख बदलेल.

भाषेकडे लक्ष द्या. तुमचा अधिकारी आणि ठेवीदार दोघंही एकसारखं पुस्तकी बोलतात. आपल्या शहरात सातपूर, अंबड, सिडकोकडे खानदेशातून आलेली किती माणसं आहेत. ठेवीदार मूळचा धुळे-साक्रीकडचा असेल, तर साहेबांच्या शुद्ध मराठीला तो दोन तास दाद देणार नाही, आणि बंदोबस्तावरच्या एखाद्या हवालदारानं "जेवना का भाऊ?" असं अहिराणीत विचारलं की त्याचा सूर उतरेल. अशा वेळी हुद्दा बाजूला ठेवून त्या हवालदाराच्या हाती फोन देणारा साहेब मोठा अधिकारी. मात्र तेही पथकानं ठरवून, मागे चिठ्ठीवाला बसवून.

मागण्यांचं म्हणाल तर तुमच्याकडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच मागणी आहे. मागण्या बदलतात, फुगतात, झिजतात. इंडियन एअरलाइन्सचं आयसी ८१४ हे विमान २४ डिसेंबर १९९९ला काठमांडूहून दिल्लीला येताना पळवलं गेलं आणि अमृतसर, लाहोर, दुबई करत कंदाहारला पोचलं. तिथे मागणी होती छत्तीस अतिरेक्यांची सुटका, वीस कोटी डॉलर आणि पुरलेल्या एका साथीदाराचा मृतदेह. ३१ डिसेंबरला प्रवासी सुटले ते तीन अतिरेक्यांच्या बदल्यात. त्या तिघांची पुढची कृत्यं पाहता तो सौदा आजही सलतो, आणि एका प्रवाशाचा जीव तर त्याआधीच गेला होता. पण छत्तीसवरून तीनवर येण्यामागे दिवसरात्र चाललेली बोलणी होती. तुमचा ठेवीदार 'चेअरमन आणा'वरून सुरू होईल, मग 'लेखी द्या', मग 'पेपरात छापा', आणि शेवटी कदाचित 'माझी फिर्याद आज, माझ्यासमोर लिहून घ्या' इथवर येईल. प्रत्येक छोट्या गोष्टीच्या बदल्यात काहीतरी मागितलं जातं. पाण्याच्या बाटल्यांसाठी आजारी कर्मचारी सोडा, चार्जरसाठी खिडकीचा पडदा सरकवा. फुकट काही द्यायचं नाही, आणि देता येणार नाही ते कबूल करायचं नाही. एक खोटं पकडलं गेलं की सगळे तास पाण्यात.

आता कॅशिअर. याबद्दल मला तळमळीनं लिहायचं आहे, कारण इथे कथांनी ओलिसांवर मोठा अन्याय केला आहे. २३ ऑगस्ट १९७३ला स्टॉकहोममधल्या एका बँकेत दरोडेखोरानं चार कर्मचाऱ्यांना ओलीस धरलं, आणि सहा दिवस ते तिजोरीच्या खोलीत अडकले. क्रिस्टिन एन्मार्क या कर्मचारी तरुणीनं थेट पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांना फोनवर सांगितलं की आम्हाला या माणसांबरोबर जाऊ द्या, भीती पोलिसांच्या हल्ल्याची वाटते. पोलिसांना सल्ला देणारे मनोविकारतज्ज्ञ निल्स बेजेरोट यांनी त्यावरून जे नाव दिलं, ते पुढे 'स्टॉकहोम सिंड्रोम' म्हणून जगभर झालं. मनोविकारांच्या प्रमाणित सूचीत तो स्वतंत्र आजार म्हणून नाही, पण कथांमध्ये मात्र प्रत्येक ओलीस तरुणी बंदूकवाल्याच्या प्रेमात पडू लागली.

त्या खोलीत बसून पाहा. बंदूक या माणसाच्या हातात आहे. बाहेरचे कधीही गॅस सोडतील, गोळीबार होईल, आणि त्यात आपण मरू. अशा वेळी आतल्या माणसाशी जुळवून घेणं, त्याला नावानं हाक मारणं, त्याचं ऐकून घेणं, ही जगण्यासाठी केलेली अत्यंत शहाणी धडपड आहे. बाहेरच्यांवर रागावणं तर साहजिकच. तुमच्या कॅशिअरला प्रेमात पाडण्यापेक्षा हे शहाणपण द्या. तीही त्या संस्थेत नोकरी करते, तिचाही पगार थकला असेल. त्या माणसाचं म्हणणं तिला पटतं आणि त्याची भीतीही वाटते, दोन्ही एकाच वेळी.

ओलीस नुसते बसूनही राहत नाहीत. लंडनच्या त्या वकिलातीत ट्रेव्हर लॉक नावाचा पहाऱ्याचा पोलीस शिपाईही अडकला होता. त्याच्या कोटाखाली रिव्हॉल्वर राहून गेलं होतं, बंदूकधाऱ्यांना ते सापडलं नाही. सहा दिवस त्यानं कोट काढला नाही. संडासात कुणी बरोबर आलं आणि कोट वर झाला तर रिव्हॉल्वर दिसेल, म्हणून त्यानं खाणं जवळपास सोडलं. गरम होत असताना, "साहेब, कोट काढा की" असं कुणी सहज म्हणत असताना अंगावर घट्ट ओढून धरलेला तो कोट. एवढा एक तपशील पानभर संवादांना भारी आहे. आणि जानेवारी १९७३मध्ये ब्रुकलिनच्या एका खेळसाहित्याच्या दुकानातला वेढा सत्तेचाळीस तास चालला, त्यात ओलिसांनी स्वतःच सुटका करून घेतली. दुकानमालकाला झाकून टाकलेला जुना जिना माहीत होता, तिथून सगळे छतावर गेले. तुमच्या पतसंस्थेत वीस वर्षं चहा देणारा शिपाई आहे. इमारतीची सगळ्यात जास्त माहिती त्याला असणार, आणि खर्ड्यात तो एकदाही बोलत नाही.

प्रसारमाध्यमांचा भाग तुम्ही अगदी थोडक्यात उरकला आहे. मनिलामध्ये २३ ऑगस्ट २०१०ला बडतर्फ झालेल्या एका पोलिसानं हाँगकाँगच्या पर्यटकांची बस ताब्यात घेतली. बसमध्ये टीव्ही होता. बाहेर त्याच्या भावाला पोलीस फरफटत नेत आहेत हे त्यानं त्या टीव्हीवर थेट पाहिलं आणि तो बिथरला. आठ पर्यटक मेले. मुंबईत २६/११ला थेट प्रक्षेपणानं काय घडवलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१२च्या निकालात वाहिन्यांवर कडक ताशेरे ओढले, आणि २०१५पासून दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण नियमानं बंद झालं. तुमच्या कथेत वाहिन्यांपेक्षा मोठा प्रश्न मोबाइलचा आहे. मालेगाव स्टँडपासून पंचवटी कारंजापर्यंत बघ्यांची गर्दी, समोरच्या गच्चीवरून कुणीतरी थेट व्हिडिओ सोडतो आहे, त्यात क्यूआरटीचे जवान मागच्या बोळात दिसतात, आणि कॅशिअरचा फोन त्या माणसाच्या हातात आहे. बोलणाऱ्या अधिकाऱ्याची तीन तासांची मेहनत एका व्हिडिओनं धुऊन निघते.

दार फोडण्याबद्दल फार लिहीत नाही. ते कधी कधी करावं लागतं, आणि ते करणाऱ्यांचं धैर्य मी जवळून पाहिलं आहे. फक्त ते धूर, काळोख, किंकाळ्या आणि गोंधळाचं असतं. ओलिसांनाही आधी जमिनीवर पालथं पाडून हात मागे घ्यायला लावतात, कारण त्या क्षणी कोण कोण आहे हे कुणालाच माहीत नसतं. सुटका झालेल्या व्यवस्थापकाच्या मनगटाला पोलिसानं धरल्याचे वळ असू द्या. आणि कथा १ जुलै २०२४नंतरची असेल तर हवालदाराच्या तोंडी भारतीय दंड विधानाची कलमं नकोत, भारतीय न्याय संहितेची हवीत.

एक जागा तुम्ही पूर्ण सोडली आहे, ती म्हणजे नंतरचे तास. सुटका झाली की टाळ्या वाजत नाहीत. त्र्यंबक रस्त्यावरच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी होते, मग पोलीस ठाण्यात बाकावर बसायचं, नातेवाईक दाराबाहेर, आणि आत जबाब. कॅशिअरला तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात: त्यानं शस्त्र कुणावर रोखलं, कितीदा, नेमकं काय म्हणाला. तिच्या एका वाक्यावर त्या माणसाची पुढची कित्येक वर्षं अवलंबून आहेत, आणि आत असताना तिनं त्याच्या झेरॉक्स वाचलेल्या आहेत. ती काय सांगते, काय गाळते, लिहून घेणारी महिला उपनिरीक्षक ते ओळखते का, यावर आणखी दोन प्रकरणं होतील. पुढचा खर्डा तिथून लिहायला घ्या, मग पतसंस्थेतला दिवस मागे जाऊन नव्यानं लिहा.